खिळ्याने कोरलेला सहा

साचेवाल्यांच्या घरात देवाने एकेक करून सगळं दिलं होतं. भाड्याच्या एका खोलीतून ते स्वतःच्या तीन खोल्यांत आले. बायकोने खिडकीशी एक मशीन मांडून सुरू केलेल्या शिवणवर्गात आता बसायला जागा पुरत नव्हती. मुलगी नर्स झाली आणि दोनच वर्षांत तिच्या हाताखाली चौघी आल्या. जागचे हलले नव्हते ते एकटे साचेवाले. कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात, दाराजवळच्या प्लास्टरच्या टेबलापाशी सतरा वर्षांपूर्वी जे उभे राहिले, ते अजून उभेच.

दातांच्या डॉक्टरांकडून पेशंटच्या जबड्याचा ठसा यायचा. त्यात प्लास्टर ओतून साचा काढायचा, कडा तासायच्या आणि तळाला खिळ्याने आपला नंबर कोरायचा. साचेवाल्यांचा नंबर दोन. मग तो साचा आत जायचा. तिथे दिव्याखाली खुर्चीत बसून त्यावर मेणात दात बसवायचे. खरी कारागिरी ती. त्या खुर्चीसाठी साचेवाले कितीदा तरी मालकांकडे गेले आणि दर खेपेला मालक म्हणाले, "अहो, तुमच्यासारखा साचा दुसरा कोण काढणार?" की हे पाठीवरची थाप घेऊन पुन्हा दाराजवळ.

यंदा खुर्ची रिकामी झाली तेव्हा त्यांनी घरी सांगूनच टाकलं, या वेळी आपलंच नक्की. बायकोने तेवढ्यावर दोन पांढरे शर्ट शिवले. मुलगी म्हणाली, "बाबा, सुटले तुमचे गुडघे एकदाचे."

आणि शुक्रवारी कानावर आलं, मालकांच्या मनात सहा नंबर आहे. सहा नंबर म्हणजे तीन वर्षांपूर्वी आलेली पोरगी. प्लास्टर किती पातळ कालवायचं तेही तिला साचेवाल्यांनीच शिकवलेलं. तिचा हात चांगला आहे हे त्यांच्याइतकं कोणालाच माहीत नव्हतं, आणि तेच त्यांना सोसवेना.

त्याच दुपारी एक कवळी परत आली. पेशंटच्या हिरडीला टोचते म्हणून. साचेवाल्यांनी फळीवरून तिचा साचा काढला. प्लास्टरमध्ये हवेचा बुडबुडा राहून मोहरीएवढा खळगा पडला होता. कवळीला त्याचीच गाठ आली होती. त्यांनी साचा उलटा केला. तळाला नंबर दोन.

बाकीचे जेवायला गेले होते. साचेवाल्यांनी काचकागद घेतला, दोन घासून काढला आणि त्या जागी सहा कोरला. हात जरासुद्धा थरथरला नाही. त्याचीच पुढे त्यांना जास्त लाज वाटली.

शनिवारी मालकांनी सगळ्यांसमोर साचा उलटा धरला. पोरगी आकड्याकडे बघत राहिली. मग म्हणाली, चुकलं माझं, पुन्हा होणार नाही. मालक खुर्चीचं बुधवारी बघू, एवढं म्हणून आत गेले.

रविवारी सकाळी साचेवाल्यांनी देवापुढे हात जोडले, पण मागायला तोंड होईना. बायकोने विचारलं, बरं नाही का? ते म्हणाले, पोट बिघडलंय.

सोमवारी पोरगी सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती. ठशात प्लास्टर ओतून तो टेबलावर आपटत होती, आपटतच होती. बुडबुडे वर यायला दहा-बारा ठोके पुरतात, ही थांबेना. साचेवाले दिसताच म्हणाली, "काका, कुठे चुकते मी? मला पहिल्यापासून दाखवता?"

आणि त्यांना दाखवावं लागलं. तिचं मनगट धरून, पहिल्या दिवशी दाखवलं होतं तस्सं. तिच्या हातात काहीच चुकत नव्हतं. ती मात्र मान डोलावत होती, चूक सापडल्यासारखी. साचेवाल्यांना वाटलं, आत्ता धरणी पोटात घेईल तर बरं.

ते तडक मालकांकडे गेले आणि एका दमात बोलून मोकळे झाले. मालकांनी चष्मा काढला. "मला शनिवारीच कळलं होतं. कडेला असा उतार इथे एकच माणूस देतो. सतरा वर्षं बघतोय मी."

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही बोलायची वाट बघत होतो. आणि मला काय सांगता? तिला सांगा."

ती प्लास्टर कालवत होती. साचेवाल्यांनी सांगितलं तसा तिचा हात भांड्यातच थांबला. प्लास्टर घट्ट होत गेलं.

"काका, मी दोन दिवस माझ्याच हातांचा राग करतेय," ती शेवटी म्हणाली. आरडाओरडा केला असता तर परवडलं असतं.

बुधवारी खुर्ची तिला मिळाली. साचेवाल्यांनी घरी फक्त खुर्ची हुकल्याचं सांगितलं असतं तर बायको-मुलीने मालकांना चार शिव्या घालून त्यांना गोंजारलं असतं. पण त्यांनी सगळं सांगितलं. मुलगी उठून आतल्या खोलीत गेली. बायको सुईत दोरा ओवत राहिली, तो काही ओवला जाईना.

साचा पोचवायला आता त्यांना तिच्या टेबलाशी जावं लागतं. ती अजून काकाच म्हणते. पण साचा दिव्यासमोर धरून चहूबाजूंनी निरखते. इतरांचे साचे तसेच ठेवून घेते. साचेवाले तिचं बघून होईपर्यंत खाली मान घालून उभे राहतात.