चिकाचा लोटा आणि शहापूरजवळचा पावडर कारखाना

सगळ्यात आधी आली यमुनाबाई, आणि तीही जरीची साडी नेसून. जायचं कुठं, तर दुधाच्या कारखान्यात! मी म्हटलं, "कोणाच्या लग्नाले जाऊन राहिली वं?" तर म्हणते, "माझी गाय व्याली, कालवड झाली. मी काहून नको नटू?" शेजारीण आहे माझी, तिचं असंच. माझी सून सुषमा मात्र घरातून निघेना. कुलूप ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. तिला धास्ती होती, आणि ती उगीच नव्हती.

सुषमा आमच्या गावचं दूध संकलन केंद्र चालवते. गाव आमचं पवनीकडचं. सकाळी बाया दूध आणतात, ही मशिनीवर फॅट पाहते, सगळ्यांचं दूध मोठ्या कॅनमध्ये ओतते आणि कारखान्याची गाडी कॅन घेऊन जाते. तिकडे त्याची पावडर होते. तर दोनदा आमचा कॅन परत आला. दूध उकळताना फाटलं म्हणे. गाडीवाला सांगून गेला, आणखी एकदा असं झालं तर गाडी या गावाकडे वळणार नाही. गाडी नाही तर केंद्र नाही, अन् सुनेचं कामही नाही. मी म्हटलं, रडून काय होते? जाऊन पाहू ना डोळ्यानं, फाटते कायले ते!

तुम्हाला जायचं असेल तर पवनीहून सकाळची एसटी धरा. बायांना अर्धं तिकीट. कंडक्टर मला म्हणाला, "आजी, पंचाहत्तरच्या वर असाल तं फुकट आहे." मी म्हटलं, "अजून नाही झाली, उगा म्हातारी नको करू मले!" सारी गाडी हसली. अड्याळपर्यंत रस्ता बरा, पुढे खड्डे. पण खिडकीची जागा सोडू नका. धानाची रोवणी आटोपली होती, दोन्ही बाजूंना हिरवंगार, बांधाबांधावर बगळे. भंडाऱ्याच्या स्टँडवर आम्ही तर्री-पोहे खाल्ले. तर्री अशी की यमुनाच्या नाकातून पाणी, तरी "अजून टाक जी" म्हणतच होती. तिथून शहापूरची गाडी पकडली, नागपूरच्या रोडनं थोडंच लांब आहे. उतरल्यावर ऑटो मिळतो, पण भाव आधी ठरवून घ्या.

कारखाना पाहून मी तर खूश झाले. चपला बाहेर, डोक्याला टोपी, हातपाय धुऊन आत. माझ्या अंबाड्यावर ती टोपी बसेना, सुषमा पहिल्यांदा हसली ती तिथं. दूध तपासणाऱ्या मॅडम तरुण होत्या, बोलायला मोकळ्या. आमचा कॅन आमच्या आधीच पोचला होता. मॅडमनी त्यातलं थोडं दूध काचेच्या नळीत घेतलं आणि नळी उकळत्या पाण्यात धरली. बाप्पा! बघता बघता बारीक बारीक गुठळ्या. सुषमाचं तोंड उतरलं.

"मॅडम, मी कॅन गरम पाण्यानं धुतो जी. उन्हात पालथा घालतो," ती म्हणाली.

"आंबलेलं नाही ताई. पाणीही नाही," मॅडम म्हणाल्या. "तुमच्या गावात एखादी गाय नुकतीच व्याली का?"

यमुनाबाईनं पदर सावरला. "माझी! परवाच. पांढरी कालवड आहे, कपाळावर चांद आहे तिच्या."

"मग तिचा चीक कुठं जाते?"

"कुठं म्हणजे? कॅनमध्ये," यमुना मोठ्या तोऱ्यात म्हणाली. "लोटाभर. आम्ही एकट्यानं नाही खात जी."

आता हे तुम्हाला सांगायला पाहिजे. आमच्याकडे गाय व्याली की पहिल्या दिवसांचं घट्ट पिवळं दूध, म्हणजे चीक, गल्लीत घरोघरी वाटतात. खरवस एकट्यानं खाल्ला तर गाय आटते, असं माझी सासू म्हणायची. केंद्र आल्यापासून साऱ्या गावाचं दूध एकाच कॅनमध्ये. बायांनी विचार केला, घरोघरी कायले फिरा? कॅनमध्ये टाकला की साऱ्यांना वाटा पोचला! जिची गाय व्याली ती टाकायची, चांगल्या मनानं हो. आधीचे दोन कॅनही असेच फाटले. आणि मशिनीवर दूध उलट दाटच दिसे, म्हणून सुषमाला शंकाही आली नाही.

मॅडम हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्यांनी समजावलं की पावडर करताना दूध तापवून आटवतात, मग गरम हवेत त्याचे बारीक तुषार उडवतात, पाणी उडून जाते आणि भुकटी खाली बसते. चीक असला की तापवतानाच दूध फाटते, नळ्यांना चिकटते. त्यांनी दोन ग्लासांत दोन पावडरी पाण्यात कालवून दाखवल्या. चांगल्या दुधाची ढवळताच दूध झाली, खराब दुधाचीचे गोळे तळाशी.

मी विचारलं, "तं विदेशी डब्यातली पावडर येवढी चांगली काहून असते? मशिनी मोठ्या असतील?"

"मशीन आपल्याकडेही आहे आजी. ज्या देशाची पावडर चांगली, तिथं गोठ्यापासून सांभाळतात. नुकत्याच व्यालेल्या गाईचं दूध वेगळं, इंजेक्शन दिलेल्या गाईचं वेगळं, काढलं की लगेच थंड. अन् तपासल्याबिगर एक थेंब आत नाही. खराब दुधाची चांगली पावडर कोणत्याच देशात होत नाही."

"मग आमचं दूध खराब नाही, चीक जागा चुकला," मी म्हटलं. "गाडी बंद करू नका. गावात येऊन पाहा, मग ठरवा."

मॅडम आत साहेबांना विचारून आल्या. तोवर सुषमानं माझा हात असा दाबला की बांगडी रुतली. "बरं, येऊन पाहतो," मॅडम म्हणाल्या. "तोवर गाडी येईल."

परतीच्या एसटीत यमुनानं जरीचा पदर कमरेला खोचला. अड्याळ आल्यावर म्हणते, "माझ्या कालवडीच्या पायी तुझ्या सुनेचं काम जात होतं वं." मी म्हटलं, "तुझ्या कालवडीच्या पायीच तं समजलं!"

घरी आल्यावर बायांना जमवलं. ठरलं ते असं: चीक पुन्हा लोट्यानं घरोघरी जाईल, आणि आठवडाभर त्या गाईचं दूध केंद्रावर येणार नाही. त्या घराचं नुकसान नको, म्हणून लोटा रिकामा परत करायचा नाही, ओंजळभर तांदूळ घालायचे. मला या प्रवासातलं हेच सगळ्यात गोड लागलं. गल्लीत पुन्हा जाणं-येणं सुरू झालं.

मॅडम आल्या, साहेबांना घेऊन. गोठे पाहिले, केंद्रावरच नळी उकळली. दूध फाटलं नाही. सुषमानं नळी स्वतःच्या हातात धरली होती, सोडेचना. मॅडम म्हणाल्या, गाडी चालू राहील, पण आम्ही परत येऊ, न सांगता.

"न सांगता या जी," सुषमा म्हणाली, "पण दिवस तेवढा सांगून ठेवा. चहापाण्याचं पाहावं लागते."

तेव्हा कुठं मॅडम खळखळून हसल्या. "बरं, तान्ह्या पोळ्याले. पोरांचे लाकडी बैलही पाहू."