दातांनी ऐकणारे मिस्त्री

शिवडीच्या गोदामांमागच्या गल्लीत आमचे मिस्त्री इंजिन तपासायचे ते दातांनी. गाडी चालू करायला सांगायचे, हातभर लांबीचा एक स्क्रूड्रायव्हर घ्यायचे, त्याचं टोक इंजिनावर टेकवायचे आणि लाकडी मूठ दातांत धरून डोळे मिटायचे. नव्या गिऱ्हाइकाला वाटे, माणसाला झटका आला. चार-पाच मिनिटांनी मिस्त्री डोळे उघडत, मूठ फडक्याने पुसत आणि म्हणत, "तिसरा सिलिंडर." तो तिसराच निघायचा.

मिस्त्रींना ऐकू येत नव्हतं; इंजिनाची थरथर त्यांना दातांतून कळे. लोअर परळच्या एका गिरणीत साचे खात्यात ते एकोणीस वर्षं फिटर होते, आणि शेकडो साच्यांच्या, म्हणजे कापड विणणाऱ्या मागांच्या, खडखडाटात इतकी वर्षं काढलेल्या माणसाचे कान जसे जातात तसे त्यांचे गेले. पुढे संप झाला, गिरणी बंद पडली ती पडलीच. परळ एकदम शांत झालं, असं तेव्हा सगळे म्हणत. मिस्त्रींना त्यातला फरक कळला नाही. "नोकरी परत द्या म्हणून मोर्चे निघाले. कान त्याच्या आधीच गेलेले. ते परत द्या म्हणून कोण मोर्चा काढणार?" असं ते सांगायचे, तक्रार म्हणून नव्हे, माहिती म्हणून.

संपानंतर दोन वर्षं त्यांनी गोदीत मिळेल ते काम केलं. मग ट्रक दुरुस्त करणाऱ्या एकाच्या हाताखाली राहिले, आणि तो गावी गेल्यावर ती पत्र्याची शेड यांच्याकडे आली. लोक त्यांना बहिरे मिस्त्री म्हणत. एका गिऱ्हाइकाला ते आडनावच वाटलं. त्याने मुलीच्या लग्नाची पत्रिका 'श्री. बहिरे, सहकुटुंब' अशी पाठवली. मिस्त्री सहकुटुंब गेले, जेवले आणि आहेराच्या पाकिटावरही तेच नाव लिहून आले. "त्याला कशाला अडचणीत टाकायचं?" म्हणाले.

माझा त्यांचा संबंध आला तो जपानी भाषेमुळे. मी फोर्टमध्ये जपानी यंत्रं मागवणाऱ्या एका कंपनीत होते आणि दादरला संध्याकाळच्या वर्गात जाऊन जपानी शिकले होते. आमच्या साहेबांचे मित्र दादरचे हाडांचे डॉक्टर. त्यांनी आखातातून परतलेल्या कुणाकडून एक जुनी, दोन दारांची, बुटकी जपानी स्पोर्ट्स कार घेतली होती. गाडीबरोबर दुरुस्तीचं जाडजूड पुस्तक आलं, तेही जपानीतच. मुंबईतल्या तीन गॅरेजांनी गाडी पाहून पुस्तक मागितलं आणि पुस्तक पाहून गाडी परत केली. मिस्त्रींनी दोन्ही ठेवून घेतलं. मग साहेबांनी मला सांगितलं, "शनिवारी अर्धा दिवसच असतो. तेवढं जाऊन वाचून द्या."

मी इस्त्रीची साडी नेसून गिरगावातून शिवडीला गेले. मिस्त्रींनी मला स्टुलावर बसवलं, समोर स्वतः उकिडवे बसले आणि माझ्या तोंडाकडे बघत राहिले. मी अवघडले. तेव्हा ते सगळ्या गल्लीला ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "बाई, गैरसमज नको. आमच्या खात्यात सगळे ओठ बघूनच बोलायचे. तुम्ही सावकाश वाचा, आणि मराठीत वाचा. जपानी ओठ मला लागत नाहीत."

स्वतःचा आवाज त्यांना ऐकू येत नसल्यामुळे हळू बोलणं हा प्रकार त्यांच्याकडे नव्हता. घरचं, दारचं, गिऱ्हाइकाचं, सगळं गल्लीला आपोआप कळे. त्यामुळे खोटं बोलण्याची सोयच राहिली नव्हती, असं त्यांचंच म्हणणं होतं.

डॉक्टरांची गाडी जागेवर उभी असताना धापा टाकायची. इंजिनाचा वेग आपोआप चढायचा, उतरायचा, मग बंद. बॉनेटखाली रबरी नळ्यांचं जाळं होतं. त्यातली एखादी कुठेतरी चिरली होती आणि तिथून हवा आत जात होती. मिस्त्रींनी वाळूची बादली जवळ ठेवली, उदबत्ती पेटवली आणि एकेका नळीजवळून सावकाश फिरवली. डॉक्टरांनी चपला काढून हात जोडले. मिस्त्री बाबासाहेबांच्या मार्गाने चालणारे; नायगावच्या चाळीतल्या त्यांच्या खोलीत देव्हारा नव्हता. ते म्हणाले, "डॉक्टर, चपला घाला. ही पूजा नाही, तपासणी आहे." तेवढ्यात एका नळीपाशी धुराची रेघ वाकली आणि आत ओढली गेली. "इथे," मिस्त्री म्हणाले. उरलेली उदबत्ती विझवून त्यांनी पुढच्या गाडीसाठी ठेवून दिली.

मग शनिवारी जाणं सुरूच राहिलं. साहेबांनी सांगितलेलं काम दोन महिन्यांत संपलं होतं. मी चार वर्षं जात राहिले. त्या गाडीच्या पाठोपाठ तसल्या आणखी गाड्या आल्या. जपानी थंडीसाठी बनलेली ती इंजिनं मुंबईच्या उन्हात तापायची, म्हणून मिस्त्री त्यांना टेम्पोचा मोठा रेडिएटर बसवायचे आणि तो बसावा म्हणून पुढचा पत्रा कापायचे. गाडीवाला कळवळे. "माणूस शहरात आला की त्याला कपडे बदलावे लागतात," मिस्त्री त्याला समजावायचे आणि कापत राहायचे. पुस्तकावर त्यांची श्रद्धा होती, पण बेताची. "पुस्तक बरोबर आहे बाई. पण गाडीने ते वाचलेलं नाही."

चौथ्या वर्षी डॉक्टरांना हौस आली. खंडाळ्याचा घाट गाडीने दमदार चढावा, म्हणून इंजिनाची ताकद वाढवून हवी होती. त्या गाडीत इंजिनात जास्तीची हवा कोंबणारा पंखा होता. त्याचा दाब वाढवायचा आणि ठिणगी कधी पडावी ते नव्याने जुळवायचं, असं काम. ठिणगी थोडी लवकर पडली तर ताकद वाढते, फार लवकर पडली तर इंजिन आतून फुटतं. पुस्तकातला आकडा मी वाचून दाखवला. मिस्त्री म्हणाले, "तो तिकडच्या पेट्रोलचा आकडा. इथे ऐकूनच लावावं लागतं. चुकलं की आत पत्र्यावर सुके वाटाणे पडल्यासारखं वाजतं. ते वाजलं की थोडं मागे यायचं."

त्यांनी स्क्रूड्रायव्हर दातांत धरला. नेहमी ते समोरच्या दातांनी धरत. त्या दिवशी त्यांनी तो दोनदा काढला, गाल चोळला आणि मग बाजूच्या दाढांत धरला. मी पाहिलं, विचारलं नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, "ठीक."

पुढच्या रविवारी डॉक्टरांची गाडी घाटात अर्ध्यावर फुटली आणि ट्रकला बांधून परत आली.

मिस्त्रींनी इंजिन उघडलं तेव्हा मी तिथे होते, डॉक्टर होते, आणि गल्लीतले निम्मे लोक होते. एका पिस्टनच्या माथ्याला सरळ भोक पडलं होतं. डॉक्टरच आधी बोलले, "मला तेव्हाच शंका आली होती. वाटेत पेट्रोल भरलं ना, त्यातच भेसळ असणार." गल्लीनेही माना डोलावल्या. पेट्रोलच. दुसरं काय असणार? मिस्त्रींनी काही करायची गरज नव्हती. नुसतं गप्प राहिलं असतं तरी चाललं असतं.

त्यांनी पिस्टन हातात घेतला, भोकातून बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "पेट्रोल बरं होतं. मी ऐकलं नाही."

कोणीतरी मागे हसलं. बहिरा म्हणतो, मी ऐकलं नाही. मिस्त्रींनी ते हसणं पाहिलं असावं. ते डॉक्टरांकडे वळले. "माझे पुढचे चार दात सहा महिने हलतायत. वाटाणे वाजत असणार, दाढांतून मला लागले नाहीत. मी अंदाजाने ठीक म्हटलं. तुम्ही त्या घाटात होता, डॉक्टर. पुढे-मागे ट्रक असतात. काही झालं असतं तर ते माझ्यावर होतं."

हे सगळं नेहमीच्याच आवाजात. गल्लीच्या टोकाला असलेल्या पानवाल्यानेसुद्धा ऐकलं. संध्याकाळपर्यंत दोन गाडीवाले येऊन आपल्या गाड्या घेऊन गेले. मिस्त्रींनी त्यांना बॅटरीच्या वायरी घट्ट करून दिल्या.

डॉक्टरांनी पिस्टन हातात घेऊन पाहिला. मग म्हणाले, "आ करा." मिस्त्रींनी तोंड उघडलं. डॉक्टरांनी बॉनेटजवळचा दिवा ओढून आत पाहिलं. "हे हाडांचं काम नाही. पण हे दात काढावे लागणार."

"काढले तर मी ऐकणार कशाने?" मिस्त्रींनी विचारलं. त्यांचा आवाज मी पहिल्यांदाच लहान झालेला ऐकला.

डॉक्टरांनी गाडी मात्र नेली नाही. "इथेच राहू दे," एवढंच म्हणाले.

नवे पिस्टन मागवायला मी जपानला पत्र लिहिलं. ते यायला अडीच महिने लागले. तेवढ्यात मिस्त्रींचे दात गेले, कवळी आली. कवळीत स्क्रूड्रायव्हर धरून त्यांनी एकदा पाहिलं आणि कवळी काढून खिशात ठेवली. "ही मधल्यामध्ये स्वतःचंच काहीतरी सांगते," म्हणाले.

इंजिन जोडून झालं त्या शनिवारी ते माझ्याकडे बघत उभे राहिले. "बाई, तुमचे दात शाबूत आहेत ना?"

त्यांनी मूठ साबणाने धुतली. मी पदर खोचला, वाकले आणि ती दातांत धरली. पहिल्यांदा डोक्यात नुसता गोंधळ झाला. हळूहळू एकेक वेगळं लागायला लागलं. मिस्त्री ठिणगी पुढे सरकवत होते आणि माझ्या चेहऱ्याकडे बघत होते. एकदम कवटीत बारीक काहीतरी तडतडलं. मी हात वर केला. ते थांबले, थोडं मागे आले. तडतड गेली. त्यांनी मला तीनदा तेच करायला लावलं आणि तिन्ही वेळा हात एकाच ठिकाणी वर आला. तेव्हा त्यांनी नट आवळला. त्या गाडीने डॉक्टर पुढे कितीतरी वर्षं घाट चढले.

त्यानंतर मिस्त्रींनी नवी इंजिनं घेतली नाहीत. वर्षभरात शेड दुसऱ्याला देऊन ते अँटॉप हिलला लेकीच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायला गेले. मी निरोप घ्यायला गेले तेव्हा त्यांनी ते जपानी पुस्तक वर्तमानपत्रात गुंडाळून माझ्या हातात दिलं. "डॉक्टरांचं आहे, त्यांना पोचवा. काळे डाग माझे आहेत, तेही सांगा." दोन वर्षांनी ते गेले. मला ते महिन्याभराने कळलं.

पुढे एकदा ऑफिसात माझ्याकडून एका पत्राच्या भाषांतरात एक शब्द चुकला आणि गिऱ्हाइकाला भलत्याच मापाचं यंत्र येऊन पडलं. पत्र जपानीत, वाचणारी मी एकटी. जपानहूनच चूक झाली, असं सगळ्यांनी धरलं होतं. मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले आणि म्हणाले, "चूक माझी आहे."

त्यांनी चष्मा काढला. "आणखी कोणाला माहीत आहे?"

"कोणाला नाही."

"मग सांगायला कशाला आलात?"

ते सांगायचं तर शिवडीपासून सुरुवात करावी लागली असती, आणि साहेबांची तीनला मीटिंग होती. "माफीच्या पत्राचा मसुदा आणलाय," मी म्हणाले, "सही हवी होती."