खांबावरचा हात

इटलीतल्या रावेन्ना शहरात गॉथ लोकांचं राज्य होतं, तेव्हा रानिल्दाचा नवरा वालारिक राजवाड्यावर पहारेकरी होता. राजाच्या चर्चमध्ये काचेच्या तुकड्यांचं भिंतभर चित्र झालं. त्यात राजवाडा आणि त्याच्या खांबांमध्ये उभे दरबारी. एका दरबाऱ्यासाठी बास्सुस मेस्त्रीने वालारिकलाच समोर उभं केलं. लहानपणी घोडा चावून त्याची करंगळी वाकडी झाली होती; मेस्त्रीने तीसुद्धा तशीच लावली.

पुढे लढाई झाली. वालारिक परतला नाही, प्रेतही मिळालं नाही. राज्य बुडालं, पूर्वेच्या सम्राटाची माणसं आली. रानिल्दा चुना चाळून, कालवून पोट भरू लागली. तिच्याकडे नवऱ्याचं म्हणून तेवढंच उरलं होतं, भिंतीवरचं. दर रविवारी ती त्याच्याखाली उभी राही. ऊन सोनेरी काचांवर आलं, की त्याची छाती हलल्यासारखी वाटे.

मग हुकूम सुटला: भिंतीवरचे गॉथ काढा, त्या जागी काचांचेच पडदे लावा. काम बास्सुसकडेच आलं, आणि चुना रानिल्दाचा.

घमेलं घेऊन ती परांचीवर चढली. वालारिकचा चेहरा आज प्रथमच तिच्या चेहऱ्यासमोर होता. जवळून पाहिलं तर नुसते गुलाबी, करडे, काळे तुकडे, प्रत्येक जरा तिरपा बसवलेला. एवढ्याशा काचांतून माणूस कसा उभा राहिला, तिला कळेना. आपोआप तिचे हात जुळले.

"मेस्त्री, एवढा एक राहू द्या."

"लावला मी, फोडतोय मी. रडतेस तू," बास्सुस गुरकावला. "चुना बघ, पातळ झालाय."

चेहरा गेला, खांदा गेला. छिन्नी दंडावरून खांबाच्या कडेला आली आणि थांबली. पंजा खांबावर टेकलेला होता.

खालून सम्राटाच्या मुकादमाने विचारलं, तो हात का ठेवलाय. बास्सुसने मान वळवली नाही.

"हुकूम माणसं काढायचा आहे. हात खांबावर आहे. खांब उकरला तर कमान सुटेल, नव्याने लावायला हिवाळा जाईल. उकरू?"

मुकादमाने डोळ्यांवर हाताची सावली धरून वर पाहिलं. मग आधी पडदे उरका म्हणाला आणि निघून गेला.

जिथे छाती होती तिथला चुना रानिल्दाने स्वतःच्या तळव्याने दाबून बसवला. त्यावर पांढरा पडदा उतरला.

रविवारी शेजारीण म्हणाली, आता तिथे काय बघतेस, नुसता पडदा तर आहे. ऊन सरकत खांबावर आलं, आणि सगळ्यात आधी वाकडी करंगळी उजळली.