वसंतभाऊंच्या काळ्या मोटारीचं ऑईल

ऑईलच्या दुकानात किस्से शोधावे लागत नाहीत. भंडाऱ्यातल्या माझ्या काउंटरवरून गिऱ्हाईक डबा घेऊन जातं अन् किस्सा ठेवून जातं. एकट्या वसंतभाऊंनीच किती ठेवले! हे कोसा रेशमाच्या साड्यांचे व्यापारी. वडील गेल्यापासून झाकून ठेवलेली काळी मोटार त्यांनी बाहेर काढली, अन् आमची मजा सुरू झाली.

*

पहिल्याच दिवशी म्हणाले, सगळ्यात महागातलं द्या. मी सांगितलं, ते पातळ आहे, नव्या गाड्यांचं. जुन्या इंजिनाची सीलं झिजलेली असतात, तिथं घट्टच पाहिजे. ऐकलं नाही. लाखांदूरला पोचता पोचता ऑईलचा लाल दिवा पेटला. एसटी स्टँडजवळ एका शेतकऱ्यानं गाडीखाली वाकून पाहिलं अन् शांतपणे म्हणाला, "भाऊ, वापस जाताना रस्ता चुकायचा नाही. पुरी खूण करत आले तुमी."

*

मग गिअरबॉक्स. फोनवर काहीतरी वाचून जहाल गिअर ऑईल मागायला आले. जुन्या गाड्या उघडण्यात हयात गेलेले आमचे शामराव मिस्त्री तिथंच चहा पीत होते. त्यांनी समजावलं, या ऑईलनं आतल्या पितळी रिंगा खराब होतात. वसंतभाऊंना पटेना. शेवटी मिस्त्री म्हणाले, "पितळी भांड्यांच्या भंडाऱ्यात राहून पितळेचाच जीव काहून घेता?"

*

मिस्त्री बोटांवर चोळून ऑईल ओळखतात. वसंतभाऊंनी पैज लावली. तीन वाट्या, डोळ्यांवर पट्टी. पहिली घट्ट, दुसरी पातळ, दोन्ही बरोबर. तिसरी त्यांनी चोळली, हुंगली. "हे जवसाचं. वहिनीले सांगा, भाजीत टाकू नका आता. जुनं झालं."

*

पण कळस वेगळाच. शेवटी मिस्त्रींनी वसंतभाऊंच्या दारातच घट्ट ऑईल भरलं. इंजिनाची टकटक थांबली, गाडी एका सुरात चालू लागली. तेवढ्यात वसंतभाऊंची ऐंशीच्या घरातली माय बाहेर आली. नवरा गेल्यापासून ती त्या गाडीजवळ फिरकली नव्हती. उंबरठ्यावर उभी राहून तिनं बराच वेळ ऐकलं.

वसंतभाऊंनी स्टिअरिंगवरूनच हात मागं करून दार उघडलं. म्हणाले, बस, गोसीखुर्दचं धरण दाखवतो तुले.

माय त्या दाराकडे गेलीच नाही. ड्रायव्हरच्या दाराशी येऊन थांबली.

"सरक तिकडं."

वसंतभाऊ सरकले. मायनं पदर खोचला, चपला काढून बाजूला ठेवल्या, गिअर टाकला, अन् गाडी एकही झटका न देता गल्लीबाहेर निघून गेली.