खोक्यावर न लिहिलेले

माधव आणि कुसुम, तुमचे विलायतेहून आलेले पत्र काल पोचले. माधवला ज्या साबणाच्या कंपनीत नोकरी लागली आहे, तिचे कारखाने आता देशोदेशी आहेत आणि तिचा इतिहास छापून निघणार आहे, हे वाचले. त्या पुस्तकात आमचे ठाणे येईल असे वाटत नाही, म्हणून आजच लिहायला बसले आहे.

मला आधी आठवतो तो वास. मिठागरांवरून येणाऱ्या खारट वाऱ्यात आणि शिकेकाईच्या वाफेत वाढलेल्या माझ्या नाकाला तो लिंबासारखा, तरी कुठल्याच लिंबाचा नसलेला सुगंध अगदी परका वाटला होता. मार्गशीर्षातली कोवळी उन्हे अंगणात उतरली होती. कचेरीत कारकून असलेल्या माझ्या वडिलांनी, अण्णांनी, आगगाडीने मुंबईहून आलेल्या मालातली त्याच कंपनीच्या साबणाची एक वडी पुठ्ठ्याच्या खोक्यासकट आणली होती. मी दहा वर्षांची, मिशनच्या शाळेत इंग्रजी शिकणारी, आणि त्याचा तोराही असलेली. घर चाले ते अण्णांच्या थोरल्या बहिणीच्या, आत्याच्या शिस्तीने. ती विधवा होती, कडक सोवळ्याची. तिला खूश करावे म्हणून मी आंघोळ करून, ओलेत्यानेच, तिचे सोवळ्याचे लुगडे त्या साबणाने धुतले. विहिरीकाठी फेस दुधासारखा उतू गेला आणि लुगडे उजळून निघाले.

शेजारच्या गंगूकाकूंनी कुंपणावरून पाहिले. “अक्का, तुमच्या मडमेनं सोवळं चरबीनं धुतलंन् वाटतं.”

आत्याने पुढ्यातले ताट सारले. “खरं कळेपर्यंत मी अन्नाला शिवायची नाही. आणि चरबी निघाली, तर हिची शाळा बंद.” मग तिने अण्णांना ते खोके माझ्यापुढे ठेवायला लावले. “वाच. काय काय घातलंय त्यात?”

मी चारही बाजू वाचल्या. कंपनीचे नाव, तिच्या गावाचे नाव, गृहिणींचे श्रम वाचतील हे वचन. खोबरेल, असे म्हटले असते तर घरात कुणाला कळले नसते. अण्णांनाही इंग्रजी कामापुरतेच येई. शब्द जिभेवर आला होता.

“आत काय आहे, ते लिहिलेलंच नाही,” मी म्हणाले.

आत्या म्हणाली, “मग विचार त्यांना. लिहिता येतं ना?”

कंपनीचा माल विकणाऱ्या मुंबईच्या अडत्याला मी पत्र धाडले. तीन दिवस आत्या केळ्यांवर राहिली. चौथ्या दिवशी दोन ओळींचे सभ्य उत्तर आले: तेलाबरोबर जनावराची चरबीही असते. मराठीत सांगताना मी शब्द एकही गाळला नाही.

आत्याने प्रायश्चित्त घेतले, लुगडे खाडीत सोडायला लावले, आणि पानावर बसता बसता म्हणाली, “उद्या शाळेला जा. हे लोक अजून काय काय पाठवतील. विचारणारं कोणी घरात नको?”

पुढे साबण घरोघर गेला, आत्यामागे आमच्याकडेही आला. माधव, कंपनी कशी वाढली ते त्या पुस्तकात येईलच. मला वाटते, ती उंबरे ओलांडायला शिकत होती तेव्हा आम्ही तिला उंबऱ्यावर थांबवायला शिकत होतो. कोण किती शिकले, ते अजून सांगता येत नाही.

अडत्याचे पत्र वाळवीने खाल्ले. खोके आहे. त्यात मी रिठे ठेवते.