निशाणावरचा डाग

स्वातंत्र्यानंतर माझी पोस्टिंग सीताबर्डीच्या किल्ल्यावर झाली. मी हवालदार, पलटणीच्या मुख्य चौकीचा, क्वार्टर गार्डचा कमांडर. गाव कळमेश्वरजवळ, म्हणजे घरच्या अंगणातच ड्यूटी. बर्मातून जिवंत परतलेल्या माणसाला याहून जास्त काय हवे? खाली बर्डीचा बाजार आणि वर आमची परेड, पहारे, पितळ घासणे.

क्वार्टर गार्डमध्ये काचेच्या पेटीत एक जपानी निशाण होते. पांढरे रेशीम, मधे लाल गोळा, भोवती काळ्या शाईत त्यांची अक्षरे. आमच्या पलटणीने ते लढाईत जिंकले होते. पावसाळा सरला की ते उन्हात घालायचे काम माझे. एका कोपऱ्यात तळहाताएवढा तपकिरी डाग होता. तो खाली येईल असेच मी निशाण पसरत असे. तरी तो दिसायचा. जेवताना दिसायचा, परेडवर दिसायचा.

प्रजासत्ताक झाल्याच्या पुढच्या साली सव्वीस जानेवारीला किल्ला लोकांसाठी उघडणार होता. मेजर साहेब इन्स्पेक्शनला आले. त्यांच्या इन्स्पेक्शनला माशीसुद्धा सावधान बसत असे. पेटीपाशी ते थांबले.

"झंडा धुलवाओ, हवालदार. दाग नहीं दिखना चाहिए."

"साहब, वो नायक श्रावण पराते का खून है."

मला राग आला होता, आणि तो आवाजात उतरला असावा. साहेबांनी माझ्याकडे नीट पाहिले. श्रावणच्या घरी कोण आहे, विचारले. मी म्हणालो, उमरेडला त्याची आई आहे.

"उनसे पूछो. जो कहेंगी, वही होगा."

आई नाहीच म्हणणार याची मला खात्री होती. दुसऱ्याच दिवशी मी छोट्या लाईनच्या गाडीने उमरेडला गेलो आणि त्याच्या आईला, यशोदाबाईंना घेऊन आलो. किल्ल्याचा चढ चढताना त्या म्हणाल्या, "हा आपल्या भोसल्यांचाच ना गा?"

"हो माय. पण इथंच हरले ते."

"मंग त्यांचे निशान?"

"नेले असतील गोऱ्यांनी. असतील तिकडं, असेच काचेत."

पेटी उघडून मी निशाण त्यांच्या मांडीवर ठेवले. श्रावण कोष्ट्याचा पोर. घरात माग. बाईंनी आधी कापडाला हात लावला, डागाला नंतर.

"सांग गा, माहा श्रावण कसा गेला?"

इतक्या वर्षांत मी हे कोणाला सांगितले नव्हते. आमच्या सेक्शनने सकाळी टेकडीवर चाल केली. वरच्या बंकरवर हे निशाण होते. श्रावण सगळ्यांत पुढे. त्याने ते ओढून काढले, घडी घालून शर्टाच्या आत ठेवले आणि माझ्याकडे वळून हसला. बाजूच्या झाडीतून गोळी आली. मी त्याला खंदकात ओढले, शर्ट उघडला. त्याने खाली पाहिले. म्हणाला, "उस्ताद, रेशीम आहे. डाग पडून राहिला." मग तो बोलला नाही. वायरलेस मात्र बोलत होता.

"हलो वन. निशाण मिळालं? ओव्हर."

"मिळालं. पराते गेला. आउट."

संध्याकाळच्या आत पुढे सरकायचा हुकूम होता. त्याला तिथेच मातीत ठेवले. ना आंघोळ, ना अग्नी.

बाईंनी डागावरून अंगठा फिरवला. मग म्हणाल्या, "त्यानंच म्हटलं ना, डाग पडून राहिला? मंग धुवाच लागन. मले धुवू दे."

मी बादली भरली, साबण दिला. नळापाशी, भर उन्हात त्या बसल्या. अक्षरांवर बोट ठेवून विचारले, "हे का लिहून आहे?"

"त्या जपानी शिपायाच्या घरच्यांची नावं आहेत म्हणतात."

"त्याच्या मायले का भेटलं?"

"काही नाही, माय."

त्यांनी अक्षरे हातात धरून बाजूला केली आणि फक्त तो कोपरा बादलीत घातला. हळूहळू चोळू लागल्या, लहान लेकराची पाठ चोळतात तशा. पुटपुटत होत्या. मी जवळ होतो म्हणून ऐकू आले.

"डोये मीट रे बापा. साबन जाईन डोयात."

पाणी जेमतेम तांबूस झाले. मी बादली ओतायला उचलली, तर त्यांनी माझे मनगट धरले.

"फेकू नको गा. अस्थी तर कोणी आनल्या नाही. रामटेकले, अंबाळ्याच्या तलावात हेच सोडीन."

मी मेसमधून पितळेची घागर आणली. संध्याकाळच्या गाडीत त्या ती मांडीवर घेऊन बसल्या. एक थेंब सांडू दिला नाही.

डाग पुरता गेला नाही. फिके पिवळे वलय राहिले. साहेबांनी ते पाहिले. "रहने दो," एवढेच म्हणाले आणि टोपी सारखी करत बाहेर गेले.

आता मी पेन्शनीत आहे. सव्वीस जानेवारीला सिव्हिलियन लोकांच्या रांगेत उभा राहून किल्ल्यावर जातो. पेटीपुढे कोणीतरी विचारतेच, रेशमावर हे पिवळे कसले? मी सांगतो, नाईक श्रावण पराते, राहणार उमरेड.

मग माझे डोळे आपोआप मिटतात. त्याच्या आईने सांगितल्यासारखे.