तहान न लागणारा माणूस

"मले तहान नाही लागत, भाऊ." कुणी पाण्याचा ग्लास पुढे केला की ते तळवा आडवा धरायचे आणि एवढंच म्हणायचे.

नागपूरचा मे महिना तुम्हाला ठाऊक आहे. कूलरपुढे बसूनही आम्ही तासातासाला माठाकडे धावायचो. ते कामठीहून बसने आमच्या ऑफिसात येत, दिवसभर आवक-जावकचं टेबल सांभाळत आणि तसेच कोरडे परत जात. आम्ही त्यांना मागून 'उंट' म्हणायचो. नाव मीच ठेवलं होतं, आणि त्याची मला ऐटही होती.

हरवलेली फाइल ते नेमकी साहेबांच्याच ड्रॉवरमधून काढायचे. वर "वाऱ्यानं उडून आली असन," म्हणत साहेबांची अब्रू राखायचे.

निवृत्तीनंतर दोनच वर्षांत त्यांच्या किडन्या गेल्या. वर्षानुवर्षं कमी पाणी, मुतखडे आणि ऐन उमेदीत जडलेला बीपी, असं डॉक्टरांनी सांगितलं. डायलिसिसला भेटायला गेलो तेव्हा मी रागावलोच. "पाणी काहून नाही पेत होते तुम्ही?"

ते म्हणाले, "तो नवा माठ तुम्हीच आणला होता ना?"

मला आठवलं. ते रुजू झाले त्या आठवड्यात, त्यांची जात ऑफिसभर माहीत व्हायच्या आधी, त्यांनी माठातून आपल्या हाताने पाणी घेतलं होतं. दोन दिवसांनी मोठे बाबू मला म्हणाले, माठ झिरपतो, नवा आण. झिरपणारा माठच पाणी गार करतो, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. तरी मी स्कूटरवरून नवा आणला. उतरवायला ते धावत आले, तर मोठे बाबू म्हणाले, "तुम्ही हात नका लावू." मी शेजारीच उभा होतो. मी काही बोललो नाही.

"तवापासून ऑफिसचा जिना चढलो का छातीत धडधड होत होती," ते म्हणाले. "घरी जाऊनच पाणी पेत होतो. आता बहुत तहान लागते, भाऊ. आता डॉक्टर पिऊ देत नाही."

मी माफी मागितली. त्यांनी माझा हात थोपटला.

गेल्या उन्हाळ्यात ते गेले. मी भरदुपारी कामठीला पोचलो. त्यांच्या पत्नीने आधी पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. मला रडू आवरेना. कसाबसा तो संपवला.

"उन्हातून आले, भाऊजी," त्या म्हणाल्या. "आणखी देऊ?"